एका बटेची किंमत

पिंपळगाव बसवंत : द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावात पॅकहाऊसची लगबग वाढते. निर्यातीसाठी निवडलेल्या घडांची छाटणी, वजन आणि पॅकिंग करणाऱ्या महिलांना आत पाऊल टाकण्यापूर्वी एक काम न चुकता करावे लागते. अंबाडा असो, वेणी असो की नुकतेच कापून घेतलेले केस असोत, सारे काही टोपीखाली बंद करावे लागते. कपाळावर रेंगाळणारी एखादी चुकार बटही चालत नाही. सातासमुद्रापार जाणाऱ्या खोक्यात केस निघाला तर महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडू शकते, हे या महिलांना कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच गावात लग्नसराईच्या दिवसांत ब्युटी पार्लरच्या खुर्चीत बसलेली नवरी मोबाइलवरचे एक छायाचित्र पुढे करते. एका बाजूला काढलेला भांग आणि दुसऱ्या बाजूने गालावरून खांद्यापर्यंत ओघळणाऱ्या केसांच्या संथ लाटा. स्वागत समारंभासाठी तिला नेमके तसेच केस हवे असतात. या केशरचनेला कोणी रेट्रो म्हणते, कोणी हॉलिवूड वेव्ह्ज म्हणते. ती कोठून आली, हे विचारण्याचे कारण कोणाला पडत नाही.

पॅकहाऊसमधली टोपी आणि पार्लरमधली ती लाट यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकाच स्त्रीच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी समोरासमोर आल्या. तिच्या मोकळ्या केसांनी अमेरिकेला वेड लावले आणि त्याच केसांना आवर घालण्याची विनंती तिला करण्यात आली. तिने ती मानली. व्हेरॉनिका लेक हे तिचे नाव. वयाच्या विशीत ती कीर्तीच्या शिखरावर होती आणि पन्नाशीत, बहुतेकांच्या विस्मृतीत गेल्यानंतर, तिने जगाचा निरोप घेतला.

ब्रुकलिनची कन्स्टन्स

व्हेरॉनिका लेक हे तिचे जन्मनाव नव्हे. १४ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या या मुलीचे नाव कन्स्टन्स ओकलमन असे होते. वडील हॅरी तेलवाहू जहाजावर नोकरीला होते. १९३२ मध्ये एका स्फोटात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा कन्स्टन्स अवघी नऊ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी आईने दुसरा विवाह केला. सावत्र वडील अँथनी कीन हे वृत्तपत्रात चित्रकार होते. त्यांचे आडनाव लावून ती कन्स्टन्स कीन झाली.

बालपण एका जागी गेले नाही. कधी न्यूयॉर्क राज्यातील डोंगराळ भागात, कधी कॅनडातील माँट्रियल येथे जोगिणींच्या शाळेत, तर कधी फ्लोरिडातील मायामीत. शिस्तीच्या शाळेत तिचे मन रमले नाही. मुलगी दिसायला सुंदर आहे, हे आईने हेरले होते. १९३८ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि आईने तिचे नाव अभिनयाच्या शाळेत घातले. चित्रपटात जाण्याची ओढ लेकीपेक्षा आईलाच अधिक होती, असे या नायिकेच्या चरित्रावरून दिसते. मुलीचे रूप हीच कुटुंबाची पुंजी समजण्याची ही वृत्ती केवळ त्या देशापुरती नव्हती, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१९३९ पासून तिला लहानसहान भूमिका मिळू लागल्या. त्यांतल्या काही तर अंतिम चित्रफितीतून कापल्याही गेल्या. पॅरामाऊंट कंपनीचे निर्माते आर्थर हॉर्नब्लो यांची नजर तिच्यावर पडली आणि तिचे नशीब पालटले. कन्स्टन्स कीन हे नाव त्यांना पडद्यासाठी रुचले नाही. तिचे निळे डोळे एखाद्या सरोवरासारखे आहेत, म्हणून त्यांनी आडनाव ठेवले लेक, आणि त्याला जोडले व्हेरॉनिका. वयाच्या अठराव्या वर्षी तिला नवे नाव मिळाले. ते तिने निवडलेले नव्हते. थोड्याच दिवसांत केसही तिचे स्वतःचे राहणार नव्हते.

कोपर घसरले आणि...

'आय वाँटेड विंग्ज' हा १९४१ मधील चित्रपट लष्करी वैमानिकांच्या जीवनावर आधारलेला होता. त्याच्या चाचणीच्या वेळी तिला मद्याच्या अंमलाखाली असलेल्या तरुणीचा प्रसंग करायचा होता. तिनेच पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, टेबलावर टेकवलेले कोपर घसरले, तिचे लांब, मऊ केस चेहऱ्यावर आले आणि त्यांनी उजवा डोळा झाकून टाकला. आता संधी गेली, असे समजून ती खट्टू झाली. प्रत्यक्षात निर्मात्यांना तीच चूक आवडली. केसांचा तो पडदा तिची ओळख ठरला.

तान्ह्या मुलांशी तोंड झाकून, उघडून खेळण्याच्या खेळाला इंग्रजीत पीकाबू म्हणतात. तेच नाव या केशरचनेला पडले. चित्रपट झळकला आणि अमेरिकेतील केशकर्तनालयांत त्या बटेची मागणी सुरू झाली. २४ नोव्हेंबर १९४१ च्या अंकात 'लाइफ' या विख्यात साप्ताहिकाने तर तिच्या केसांवरच मजकूर छापला. डोक्यावर सुमारे दीड लाख केस, पुढच्या बाजूला १७ इंच लांबी, मागच्या बाजूला २४ इंच, असा तो तपशील होता. एखाद्या धरणाची किंवा पुलाची मापे द्यावीत, तशी एका तरुणीच्या केसांची मापे लाखो घरांत पोहोचली. केशरचना टिकवण्यासाठी रोज किती वेळ खर्ची पडतो, याचीही चर्चा झाली.

मराठी प्रेक्षकांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. १९६० मध्ये 'लव्ह इन शिमला' चित्रपटात साधना यांच्या रुंद कपाळावर दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी पुढच्या केसांची झालर आणली आणि गावोगावच्या मुली साधना कट करून घेऊ लागल्या. पडद्यावरच्या चेहऱ्याची नक्कल आरशापुढे होते, ही रीत जुनीच. फरक इतकाच की, साधना कटला युद्धाचा सामना करावा लागला नाही.

'लाइफ'चा तो अंक निघाल्यावर दोनच आठवड्यांत, ७ डिसेंबर १९४१ रोजी, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिका महायुद्धात उतरली आणि सर्वच गोष्टींची किंमत बदलली.

टोपीखालचे केस

१९४१ आणि १९४२ ही दोन वर्षे व्हेरॉनिका लेकच्या आयुष्यातील सुवर्णकाळ होती. प्रेस्टन स्टर्जेस दिग्दर्शित 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' हा तिच्या उत्तम चित्रपटांपैकी एक मानला जातो. चित्रीकरणाच्या वेळी ती गरोदर होती आणि सुरुवातीला तिने ते दिग्दर्शकापासून लपवून ठेवले होते. वेशभूषाकार एडिथ हेड यांनी ढगळ कपड्यांची योजना करून वेळ निभावून नेली. विशेष म्हणजे, या चित्रपटाच्या मोठ्या भागात ती भटक्या मुलाच्या वेशात वावरते आणि तिचे ते प्रसिद्ध केस टोपीखाली दडलेले असतात. तरीही तिचा अभिनय लक्षात राहतो. केसांपलीकडे या मुलीत काही आहे, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नसावा.

पाठोपाठ 'धिस गन फॉर हायर' आणि 'द ग्लास की' हे अॅलन लॅड याच्यासोबतचे चित्रपट आले. ती जेमतेम पाच फुटांची, तोही उंचीने बेताचाच. ही जोडी प्रेक्षकांनी उचलून धरली. फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेअर यांच्या 'आय मॅरीड अ विच' मधली खट्याळ चेटकीणही तिने झकास रंगवली. १९४० मध्ये कलादिग्दर्शक जॉन डेटली यांच्याशी तिचा विवाह झाला होता आणि १९४१ मध्ये मुलगी एलेन जन्माला आली होती. वयाच्या विसाव्या वर्षी संसार, मूल, पैसा आणि कीर्ती, सारे काही पदरात होते.

पडद्याबाहेर मात्र अमेरिकेचे चित्र झपाट्याने पालटत होते. पुरुष आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी कारखान्यांत स्त्रिया उभ्या राहिल्या. युद्धाच्या काळात सुमारे ६० लाख स्त्रिया नव्याने कामावर आल्या, असे मानले जाते. विमाने, जहाजे, तोफगोळे तयार करणाऱ्या कारखान्यांत त्या छिद्रयंत्रे आणि लेथ चालवू लागल्या. यातल्या कित्येक जणींनी त्याआधी यंत्राला हातही लावलेला नव्हता.

फिरत्या यंत्राला केसांचे सौंदर्य कळत नाही. वाकून काम करताना पुढे आलेली बट फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवायला सवड मिळण्यापूर्वीच डोक्याची कातडी सोलवटून निघते. असे अपघात होऊ लागले, तेव्हा सरकारी यंत्रणेचे लक्ष एका डोळ्यावर केस ओढून घेण्याच्या फॅशनकडे गेले. अर्धी दृष्टी झाकून यंत्र चालवणाऱ्या मुली हा चेष्टेचा विषय राहिला नव्हता.

फॅशन हुकमाने थांबत नाही, हे अधिकाऱ्यांनाही उमगले असावे. म्हणून त्यांनी मूळ झऱ्यालाच हात घातला. आपली केशरचना बदलावी आणि ती बदलताना सर्वांना दिसावे, अशी विनंती व्हेरॉनिका लेकला करण्यात आली. तिने होकार दिला. १९४३ मध्ये केस वर बांधून घेतानाची तिची चित्रफीत चित्रपटगृहांत दाखवली गेली. यंत्रात केस अडकल्यास काय होऊ शकते, हे दाखवण्यासाठी छिद्रयंत्राजवळ तिचे छायाचित्रही काढण्यात आले. त्या छायाचित्रात तिचे लांब केस यंत्राच्या फिरत्या भागात गुंतलेले दिसतात. ते पाहताना आजही अंगावर काटा येतो.

गुंडाळ्या, जाळी आणि फडके

मोकळ्या बटेची जागा ज्या केशरचनांनी घेतली, त्या आज युद्धकाळाची खूण म्हणून ओळखल्या जातात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे व्हिक्टरी रोल. कपाळावरचे केस दोन्ही बाजूंना वर उचलून त्यांच्या पोकळ गुंडाळ्या करायच्या आणि त्या चापांनी पक्क्या करायच्या. लढाऊ विमाने विजयानंतर हवेत घेत असलेल्या कोलांटीशी या नावाचा संबंध जोडला जातो. दिसायला हा थाट असला तरी त्यामागे व्यवहार होता. केस लांब राहत, पण चेहऱ्यावर येत नसत.

मागचे केस विणलेल्या जाळीत ठेवण्याचीही पद्धत होती. ज्यांना तेवढा वेळ नव्हता, त्या सरळ डोक्याला फडके बांधत. लाल, ठिपक्यांच्या फडक्यातील दंड दाखवणाऱ्या कामगार स्त्रीचे जे भित्तिचित्र आज जगभर दिसते, ते जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने १९४३ मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीच्या कारखान्यांसाठी काढले होते. त्या काळी ते थोडेच दिवस आणि कारखान्याच्या आतच लावलेले होते. ते घराघरांत पोहोचले ते चार दशकांनंतर.

यात आणखी एक अडचण होती. धातू युद्धसामग्रीकडे वळवला गेल्याने केसांचे आकडे आणि चाप मिळेनासे झाले. ब्रिटनमध्येही हीच टंचाई होती. तेथील लष्करी सेवेतल्या स्त्रियांना केस गणवेशाच्या कॉलरला टेकू न देण्याचा नियम पाळावा लागे. मोजक्या चापांत, मोजक्या वेळात आणि विमानहल्ल्याच्या भोंग्याच्या धाकात बांधलेले हे केस होते. आज जो नखरा वाटतो, तो त्या काळी नाइलाजातून काढलेली वाट होती.

भारतातही युद्धाची झळ पोहोचली होती. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या महिला साहाय्यक दलात हजारो जणी भरती झाल्या. नाशिकजवळचे देवळाली हे तर ब्रिटिश सैन्याचे मोठे ठाणे. मुंबईच्या रीगल, इरॉस आणि मेट्रोमधून इंग्रजी चित्रपटांचे वारे मराठी मध्यमवर्गापर्यंत येत होते. त्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी घरांतल्या अल्बममध्ये कपाळावर फुगा काढून मागे वेणी घातलेल्या तरुणी दिसू लागतात. बॉबकट केलेल्या मुलीकडे मात्र अजूनही वळून पाहिले जात होते. ज्या समाजात विधवेच्या केशवपनाची आठवण ताजी होती, तेथे स्त्रीचे केस ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती.

याच काळात मराठी चेहराही जाहिरातीत झळकला. धारवाडला जन्मलेल्या, पदवीधर असलेल्या लीला चिटणीस यांनी बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन', 'बंधन' आणि 'झूला' या चित्रपटांतून देशभर नाव मिळवले. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या दिसल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. पुढे मात्र 'शहीद' आणि 'आवारा' यांसारख्या चित्रपटांत नायकाच्या सोशिक आईच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. २००३ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात त्यांचे निधन झाले. रूपाची नोंद ठेवणारे जग माणसाची नोंद ठेवायला विसरते, हे दोन खंडांतले समान सूत्र.

पडझड

केस बांधल्यामुळे व्हेरॉनिका लेकची कारकीर्द संपली, असे वारंवार लिहिले गेले आहे. गोष्ट म्हणून ती सुबक आहे, पण पूर्ण खरी नाही.

१९४३ मधील 'सो प्राऊडली वी हेल' या चित्रपटात तिने फिलिपिन्सच्या बटान आघाडीवरील लष्करी परिचारिकेची भूमिका केली. सोबतच्या परिचारिकांना वाचवण्यासाठी हातबॉम्बसह शत्रूच्या सैनिकांत शिरून ती बलिदान करते. युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी ती गावोगाव फिरली. केस मोकळे नसतानाही लोकांनी तिला स्वीकारले होते.

घाव बसला तो दुसरीकडे. त्याच वर्षी 'द अवर बिफोर द डॉन' च्या चित्रीकरणस्थळी तारेला अडखळून ती पडली. दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या व्हेरॉनिकाला अपुऱ्या दिवसांचा मुलगा झाला. जुलै १९४३ मध्ये तो आठवडाभरच जगला. वर्ष संपता संपता संसारही मोडला. १९४४ मध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा नाझी हेराच्या भूमिकेतील तिच्यावर समीक्षकांनी कोरडे ओढले. एकवीस वर्षांच्या या आईला शोक करायला कोणी सवड दिली होती काय, असा प्रश्न त्यांतल्या कोणाला पडल्याचे दिसत नाही.

मद्याचे व्यसन जडले. सहकलाकारांशी खटके उडू लागले आणि तिच्यासोबत काम करणे अवघड आहे, हा लौकिक पसरला. १९४४ मध्ये तिने हंगेरियन वंशाचे दिग्दर्शक आंद्रे द टोथ यांच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. १९४६ मध्ये रेमंड चँडलर यांनी लिहिलेल्या 'द ब्लू डाहलिया' मध्ये अॅलन लॅडसोबत ती पुन्हा चमकली. त्याच वर्षी तिने विमान चालवण्याचा परवाना मिळवला. ज्या मुलीला वैमानिकांवरच्या चित्रपटाने नाव दिले, ती आता स्वतः विमान उडवत होती. तिच्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत मोकळा काळ असावा.

तो टिकला नाही. १९४८ मध्ये आईनेच आपल्या पोटगीसाठी तिला न्यायालयात खेचले. त्याच वर्षी पॅरामाऊंटने तिचा करार पुढे वाढवला नाही. १९५१ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि थकलेल्या करापोटी घरावर टाच आली. १९५२ मध्ये दुसरा विवाहही संपुष्टात आला. ती न्यूयॉर्कला गेली. रंगभूमी आणि दूरचित्रवाणीवर मिळेल ते काम करू लागली. तिसरा विवाह झाला आणि मोडला. पाय मोडल्याने कामही थांबले.

१९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बातमीदाराला मॅनहॅटनमधील हॉटेल मार्था वॉशिंग्टनच्या मद्यगृहात पेये वाढणारी एक स्त्री दिसली. ती व्हेरॉनिका लेक होती. बातमी देशभर छापून आली. जुन्या चाहत्यांनी हळहळून पैसे पाठवले. तिने ते परत केले, असे सांगतात. कष्ट करून जगण्यात तिला लाज वाटत नव्हती. लाज वाटली ती बातमी वाचणाऱ्यांना. एकेकाळी कामगार स्त्रियांनी तिच्याकडे पाहून केस बांधले होते. आता ती स्वतः कामगार स्त्री झाली होती, आणि यात कीव करण्याजोगे काय आहे, हे तिला बहुधा उमजले नसावे.

त्या बातमीमुळे काही कामे मिळाली. १९६३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभी राहिली. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १९७१ मध्ये अमेरिकेत तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपले व्यसन, आपल्या चुका आणि मुलांकडे झालेले दुर्लक्ष यांविषयी तिने त्यात फारसा आडपडदा ठेवलेला नाही. आपल्या सौंदर्याचा जो बोलबाला झाला, त्यावर तिचा स्वतःचाच फारसा विश्वास नव्हता. १९७० मध्ये आलेला 'फ्लेश फीस्ट' हा भयपट तिचा अखेरचा चित्रपट ठरला. ७ जुलै १९७३ रोजी व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन येथील रुग्णालयात यकृत आणि मूत्रपिंडाच्या विकाराने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघी ५० वर्षांची होती.

आजच्या आरशात

मृत्यूनंतर ती बट मात्र जिवंत राहिली. १९८८ मधील 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटातील जेसिका या व्यंगचित्र-नायिकेच्या डोळ्यावर तीच बट आहे. १९९७ मधील 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल' मध्ये किम बेसिंजर हिने व्हेरॉनिका लेकसारख्या दिसणाऱ्या स्त्रीची भूमिका केली आणि तिला ऑस्कर मिळाले. व्हेरॉनिकाला स्वतःला ऑस्करचे नामांकनही कधी मिळाले नव्हते.

परदेशात चाळीसच्या दशकातील पोशाख आणि केशरचना हौसेने मिरवणाऱ्या स्त्रियांचा आज स्वतंत्र वर्ग आहे. व्हिक्टरी रोल करण्यात त्यांना आजी-पणजीच्या जिद्दीचे स्मरण वाटते. टंचाई, रात्रपाळी आणि तारेने येणाऱ्या मृत्यूच्या बातम्या विसरून उरलेला हा केवळ नटवेपणा आहे, असे म्हणणाऱ्याही आहेत. दोन्ही मतांत तथ्य आहे.

पिंपळगावसारख्या ठिकाणी हा वाद वेगळ्या रूपात दिसतो. खोबरेल तेल लावून घट्ट दोन वेण्या घालण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या पिढीला मोकळे केस म्हणजे लेकीसुनांना मिळालेली मोकळीक वाटते, आणि किंचित धास्तीही. तरुणींना एका दिवसापुरती ती लाट हवी असते, कारण उरलेले दिवस केस बांधूनच काढायचे असतात. बँकेत, शाळेत, बाजार समितीच्या आवारात, कांद्याच्या खळ्यावर, दुचाकीवरून नाशिकला जाताना आणि पॅकहाऊसच्या टोपीखाली. केस मोकळे सोडणे ही त्यांच्यासाठी फॅशनपेक्षा सुटीची खूण आहे.

धोका मात्र ऐंशी वर्षांपूर्वी होता, तोच आहे. मळणी यंत्राच्या पट्ट्यात पदर किंवा वेणी अडकून, गिरणीच्या पट्ट्यात केस ओढले जाऊन, गो-कार्टच्या चाकात ओढणी-केस गुंतून होणाऱ्या अपघातांच्या बातम्या वृत्तपत्रांना नव्या नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राजवळील काही कामांपासून स्त्रियांना दूरच ठेवले होते. शेतीतील मळणी यंत्रांसाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. फिरत्या भागांवर झाकण बसवणे ही यंत्र बनवणाऱ्याची आणि मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. तरी खळ्यावर अपघात झाला की बोलणी बसतात ती बाईच्या केसांना आणि पदराला.

व्हेरॉनिका लेकच्या कहाणीतही हीच गोम आहे. यंत्राला झाकण नव्हते, म्हणून स्त्रियांना केस बांधायला सांगितले गेले आणि ते सांगण्यासाठी एका वीस वर्षांच्या मुलीला पुढे करण्यात आले. तिने ते देशासाठी विनातक्रार केले. कंपनीने तिच्या बटेवर पैसा कमावला, सरकारने त्याच बटेचा उपयोग करून घेतला आणि बटेचे मोल उतरल्यावर दोघांनीही तिची विचारपूस केली नाही. त्या चित्रफितीमुळे किती जणींचे केस आणि प्राण वाचले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण एकीचे जरी वाचले असतील, तरी ती तिच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठी कामगिरी ठरावी.

संध्याकाळी पाळी संपली की पॅकहाऊसमधील महिला टोपी काढतात. दिवसभर दाबलेले केस बोटांनी मोकळे करतात, झटकतात आणि घरी जाण्यापूर्वी पुन्हा बांधतात. त्या दोन मिनिटांत त्यांचे केस कोणाच्याही मालकीचे नसतात. व्हेरॉनिका लेकला तिच्या ऐन भराच्या दिवसांत तेवढीही सवड क्वचितच मिळाली.